घरातील जादा कामे आणि मोडलेला व्यवहार : पैसे कुणाचे, हक्क कुणाचा?

सदनिका नोंदवताना ग्राहकाचे सारे लक्ष दर, क्षेत्रफळ आणि ताब्याची तारीख यांवर असते. करारनामा नोंदला जातो, इमारत उभी राहू लागते आणि मग विकासकाच्या कार्यालयातून आणखी एक यादी हाती पडते. हॉलमध्ये साध्या फरशीऐवजी मोठ्या मापाची व्हिट्रिफाइड फरशी, कडप्प्याच्या ओट्याऐवजी ग्रॅनाइट, स्वयंपाकघरात तयार कपाटे, स्नानगृहात वरच्या दर्जाचे नळ, विजेचे चार पॉइंट जादा, दोन खोल्यांत वातानुकूलन यंत्रासाठी आधीच टाकलेल्या नळ्या, मुख्य दारापुढे सेफ्टी डोअर. भिंती गिलाव्याच्या अवस्थेत असतानाच ही कामे उरकली तर पुढे तोडफोड टळते, हे खरे असते. त्यामुळे बहुतेक कुटुंबे होकार देतात आणि पाहता पाहता ही रक्कम काही लाखांवर जाते.

व्यवहार सुरळीत पार पडला तर या रकमेची पुन्हा आठवणही येत नाही. मात्र कर्ज नामंजूर झाले, नोकरी गेली, ताबा वर्षानुवर्षे लांबला किंवा प्रकल्पच बंद पडला, तर सदनिकेच्या किमतीबरोबर या जादा कामांच्या पैशांचाही प्रश्न उभा राहतो. सदनिकेच्या मूळ किमतीसाठी कायद्याची चौकट बरीच स्पष्ट आहे. जादा कामांची रक्कम मात्र अनेकदा त्या चौकटीच्या कडेला, कधी कधी पूर्णपणे बाहेर, राहिलेली आढळते. असे का होते आणि ती रक्कम परत मिळवायची कशी, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मूळ किंमत आणि जादा रक्कम यांतील फरक

महाराष्ट्रात सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्याला एक परिशिष्ट जोडलेले असते. फरशी कोणती, दारे-खिडक्या कशा, स्वयंपाकघर व स्नानगृहात काय बसवले जाणार, याचा तपशील त्यात असतो. करारनाम्यातील किंमत ही या तपशिलासह ठरलेली किंमत असते. जादा काम म्हणजे या तपशिलाच्या वर, ग्राहकाच्या मागणीवरून केलेले काम.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ज्याला सर्वजण 'रेरा' म्हणून ओळखतात, त्याच्या कलम १४ नुसार ग्राहकाच्या पूर्वसंमतीवाचून विकासकाला सदनिकेचा नकाशा, दर्जा वा बसवायच्या वस्तू बदलता येत नाहीत. ग्राहकाने स्वतः मागितलेले किरकोळ बदल करून देण्यास मात्र त्याच कलमाने मुभा दिली आहे. याचा अर्थ जादा कामे बेकायदा नाहीत. अडचण असते ती त्यांच्या कागदपत्रांत.

ही कामे साधारणतः तीन प्रकारे केली जातात. पहिल्या प्रकारात ती मूळ करारनाम्यातच, परिशिष्टात आणि किमतीत, समाविष्ट केली जातात. दुसऱ्या प्रकारात विकासक स्वतंत्र पत्र किंवा पुरवणी करार करून, वेगळी पावती देऊन पैसे घेतो. तिसऱ्या प्रकारात विकासक हात वर करतो आणि साइटवरील कंत्राटदाराकडे बोट दाखवतो. पैसे थेट त्या कंत्राटदाराला, पुष्कळदा रोखीने आणि पावतीवाचून, दिले जातात. व्यवहार मोडल्यानंतर या तीन प्रकारांतील ग्राहकांची स्थिती एकमेकांपासून अगदी भिन्न असते.

वेगळ्या हिशेबाचा मोह

जादा कामे करारनाम्यात घालण्यास दोन्ही बाजू नाखूश का असतात, याला कारण आहे. किंमत वाढली की तिच्यावरील मुद्रांक शुल्क वाढते. मुंबईत हे शुल्क अधिभारासह सहा टक्के, तर पुण्यात सात टक्के आहे. पाच लाखांच्या जादा कामांवर मुंबईत तीस हजार रुपये अधिक भरावे लागतात. ते वाचवण्यासाठी जादा कामांचा हिशेब वेगळा ठेवला जातो.

ही बचत वाटते तितकी खरी नसते. बांधकाम चालू असलेल्या सर्वसाधारण सदनिकेवर १ एप्रिल २०१९ पासून ५ टक्के, तर परवडणाऱ्या गटातील सदनिकेवर १ टक्का वस्तू व सेवा कर लागतो. तीच कामे स्वतंत्र कंत्राट म्हणून रीतसर बिलाने केली, तर साधारणतः १८ टक्के कर आकारला जातो. म्हणजे वेगळ्या हिशेबात खरोखर पैसा वाचतो तो केवळ बिलच न घेतल्याने. आणि बिल न घेणे म्हणजे पुढे हक्क सांगण्याचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसून टाकणे.

रोख रकमेचा धोका याहून मोठा आहे. स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणासंबंधी वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१५ पासून प्राप्तिकराच्या तरतुदींनी मनाई केली असून घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात दोन लाख रुपये वा अधिक रोख दिल्याचे ज्या दाव्यात म्हटले असेल, त्याची माहिती न्यायालयांनी प्राप्तिकर विभागाला कळवावी, असा निर्देश त्या निकालात आहे. रोख पैसे परत मागण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्याला त्या पैशांचा स्रोतही सांगावा लागेल, असा याचा व्यवहारातील अर्थ.

व्यवहार कुणामुळे मोडला?

पैसे परत मिळण्याचा प्रश्न आला की कायदा सर्वप्रथम हेच पाहतो.

विकासकाने करारात ठरलेल्या तारखेला ताबा दिला नाही, तर रेराच्या कलम १८ नुसार ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडण्याचा आणि भरलेली रक्कम व्याजासह परत मागण्याचा अधिकार आहे. हा अधिकार बिनशर्त आणि निरपवाद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या नियमांनुसार व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च 'एमसीएलआर' दराहून दोन टक्के अधिक असा असून विकासकाला रक्कम मिळाल्याच्या दिवसापासून ते मोजले जाते. अशा वेळी कोणतीही कपात करण्याचा प्रश्न येत नाही.

या कलमातील शब्दयोजना जादा कामांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. 'त्या सदनिकेच्या संबंधात विकासकाला मिळालेली रक्कम' परत करावी, असे कायदा म्हणतो. केवळ 'करारनाम्यातील किंमत' असे तो म्हणत नाही. त्यामुळे जादा कामांचे पैसे विकासकाच्या खात्यात गेले असतील आणि पावतीवर सदनिकेचा क्रमांक असेल, तर तेही याच मागणीत समाविष्ट करण्यास ग्राहकाला भक्कम आधार मिळतो. पैसे कंत्राटदाराच्या खिशात गेले असतील, तर ते 'विकासकाला मिळालेले' नाहीत, असा बचाव हमखास पुढे येतो.

याउलट ग्राहक आपणहून माघार घेतो किंवा हप्ते थकल्यामुळे विकासक करार रद्द करतो, तेव्हा चित्र पालटते. करारनामा होण्यापूर्वी केवळ वाटपपत्र झालेले असेल, तर महारेराने २०२२ मध्ये लागू केलेला नमुना मार्गदर्शक ठरतो. वाटपपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत नोंदणी रद्द केल्यास काहीही कपात नाही. १६ ते ३० दिवसांत रद्द केल्यास सदनिकेच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. ऐंशी लाखांची सदनिका पंचेचाळिसाव्या दिवशी रद्द केली, तर कपात एक लाख वीस हजारांची होते. शिवाय कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा केल्यावाचून विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. करारनाम्याआधीच जादा कामांसाठी वेगळे पैसे मागितले जात असतील, तर ही मर्यादा वळसा घालून ओलांडली जात नाही ना, हे ग्राहकाने तपासावे.

करारनामा झाल्यानंतर मात्र त्यातील रद्दीकरणाचे कलम निर्णायक ठरते. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यानुसार, ग्राहकाने तीन हप्ते थकवल्यास विकासक पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार संपुष्टात आणू शकतो. त्यानंतर तीस दिवसांत त्याने रक्कम परत करावयाची असते. पण ठरलेली नुकसानभरपाई आणि 'विकासकाला देय असलेली अन्य कोणतीही रक्कम' वजा करून. या अखेरच्या शब्दांतून जादा कामांचा खर्च ग्राहकाच्या अंगावर टाकला जाण्याची शक्यता असते.

एक हिशेब

आकड्यांनी ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, सदनिकेची किंमत ८० लाख रुपये आहे. करारनामा नोंदला गेला आणि २० लाख रुपये भरले गेले. त्यांतील ८ लाख ग्राहकाचे स्वतःचे व १२ लाख बँकेने दिलेले. जादा कामे ५ लाखांची : फरशी दीड लाख, ओटा व स्वयंपाकघर दोन लाख, विजेची कामे साठ हजार, स्नानगृह नव्वद हजार. यांतील ३ लाख विकासकाला धनादेशाने दिले, २ लाख कंत्राटदाराला. पुढे ग्राहकाची नोकरी गेली, बँकेने उरलेले कर्ज थांबवले आणि व्यवहार मोडला. करारनाम्यात किमतीच्या १० टक्के कपातीची अट आहे.

विकासक २० लाखांतून ८ लाख वजा करील. उरलेले १२ लाख मात्र ग्राहकाच्या हाती येणार नाहीत. गृहकर्ज देताना बँक, विकासक आणि ग्राहक यांच्यात त्रिपक्षीय करार झालेला असतो व व्यवहार रद्द झाल्यास परताव्यावर पहिला हक्क बँकेचा राहतो. म्हणजे बारा लाख बँकेकडे जातील आणि ग्राहकाचे स्वतःचे आठ लाख कपातीत संपतील. तोवर बँकेला भरलेले व्याज वेगळेच. अशा परिस्थितीत जादा कामांचे पाच लाख ही एकच अशी रक्कम उरते, जिच्यासाठी ग्राहक झगडू शकतो. गृहकर्ज सहसा करारनाम्यातील किमतीवर मिळते, त्यामुळे हे पाच लाख बचतीतून, भविष्य निर्वाह निधीतून किंवा चढ्या व्याजाच्या वैयक्तिक कर्जातून आलेले असतात. 'किरकोळ' म्हणून दुर्लक्षिलेली रक्कमच अखेरीस सर्वांत मोलाची ठरते, ती अशी.

कपातीला मर्यादा आहे

करारात लिहिले म्हणून विकासकाने कितीही रक्कम जप्त करावी, असे मात्र नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल ठरवून ठेवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका लिलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१५ रोजी दिलेला निकाल या संदर्भात नेहमी सांगितला जातो. ३ कोटी १२ लाखांना घेतलेल्या भूखंडाचे इसाऱ्याचे ७८ लाख रुपये प्राधिकरणाने जप्त केले होते. पुढे तोच भूखंड प्राधिकरणाने ११ कोटी ७८ लाखांना विकला. ज्याचे नुकसान झालेच नाही, त्याला भरपाई म्हणून रक्कम ठेवून घेता येणार नाही, असे सांगत न्यायालयाने ती परत करण्याचा आदेश दिला.

घरांच्या बाबतीत फेब्रुवारी २०२५ चा निकाल दोन्ही बाजूंनी उपयुक्त आहे. गुरुग्राममधील एका प्रकल्पात किमती घसरल्यामुळे ग्राहकांनी तयार घर नाकारले होते. करारातील २० टक्के जप्तीची अट एकतर्फी ठरवून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १० टक्केच कपात मान्य केली होती व उरलेली रक्कम व्याजासह परत करण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्क्यांची मर्यादा कायम ठेवली, मात्र व्याज देण्याचा भाग रद्द केला. चूक नसलेल्या विकासकाकडून व्याजाची अपेक्षा ठेवता येईलच असे नाही, हा त्यातील दुसरा धडा.

हीच वाजवीपणाची कसोटी जादा कामांना लावली, तर त्या रकमेचे तीन भाग पाडता येतात.

पहिला भाग, न झालेल्या कामाचा. फरशीचे पैसे घेतले, पण फरशी बसलीच नाही, तर ते पैसे ठेवून घेण्यास सहसा काही आधार उरत नाही. माल खास मागवला असेल आणि पुरवठादार तो परत घेत नसेल, तर त्याचे बिल दाखवून तेवढीच वजावट मागणे रास्त ठरेल.

दुसरा भाग, झालेल्या आणि सदनिकेतच राहिलेल्या कामाचा. ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीतील वायरिंग, स्नानगृहाची फरशी हे काढून नेता येत नाही. विकासक ती सदनिका दुसऱ्याला विकतो, तेव्हा या सुधारणांसहच विकतो. पहिल्या ग्राहकाचे पैसे ठेवून घ्यायचे आणि त्याच कामाची किंमत दुसऱ्याकडूनही वसूल करायची, हा दुहेरी लाभ झाला. तो झाल्याचे दाखवता आले, तर विकासकाचे नुकसान झाले या म्हणण्याला आधार राहत नाही. त्यासाठी सदनिका पुन्हा केव्हा आणि कितीला विकली गेली, हे पाहणे महत्त्वाचे असते. नोंदणीकृत दस्त असल्याने ही माहिती नोंदणी विभागाच्या अभिलेखांतून मिळवता येते.

तिसरा भाग, पुढच्याला नकोशा असलेल्या कामाचा. कुणी दोन खोल्यांतील भिंत काढून एकच मोठी खोली करून घेतली, तर कुणी अगदी गडद रंगाची फरशी निवडली. पुढचा ग्राहक ते मूळ स्थितीत आणून मागत असेल, तर तोडण्याचा व पुन्हा करण्याचा खर्च खरा आहे. तो वजा करण्याची विकासकाची मागणी न्याय्य आहे, हे ग्राहकानेही मान्य करावयास हवे. मात्र खर्च प्रत्यक्ष झाला असला पाहिजे. अंदाजे आकडा पुरेसा नाही.

यांखेरीज गॅसची शेगडी, चिमणी, सुटी कपाटे, पंखे अशा वस्तू काढून नेण्याजोग्या असतात. रद्दीकरणाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच त्या ताब्यात घ्याव्यात किंवा त्यांची किंमत लेखी ठरवून घ्यावी.

'फिट-आउट'चा सापळा

अलीकडे मुंबई-पुण्यात भोगवटा प्रमाणपत्र येण्याआधीच अंतर्गत कामांसाठी सदनिकेची किल्ली देण्याची पद्धत रूढ झाली आहे. ग्राहक आपला सुतार, आपला रंगारी घेऊन जातो आणि विकासकाला एका पत्रावर सही करून देतो. या पत्रातील शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावयास हवेत.

कारण असे की, करारनामा रद्द झाल्यास मुद्रांक शुल्काचा परतावा मागता येतो, पण त्याला अटी आहेत. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४८ नुसार करारनामा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत आणि मालमत्तेचा ताबा घेण्यापूर्वी नोंदणीकृत रद्दलेखाने करार रद्द झालेला असावा लागतो; त्या रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. नोंदणी फी परत मिळत नाही. अंतर्गत कामांसाठी दिलेल्या किल्लीच्या पत्रात 'ताबा मिळाला' असे शब्द असतील, तर लाखोंच्या शुल्काचा परतावा वादात सापडू शकतो. ऐंशी लाखांच्या सदनिकेवर मुंबईत हे शुल्क ४ लाख ८० हजार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका शब्दाचे मोल कळते. 'केवळ अंतर्गत कामांसाठी मर्यादित प्रवेश. हा ताबा नव्हे' अशी स्पष्ट नोंद पत्रात करून घेणे इष्ट.

भरलेल्या कराचे काय?

जादा कामांवर वस्तू व सेवा कर भरला असेल आणि काम होण्यापूर्वीच व्यवहार रद्द झाला, तर तो कर परत मिळण्याचा मार्ग आहे. ज्या आर्थिक वर्षात बिल झाले, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विकासक 'क्रेडिट नोट' काढून कर समायोजित करू शकतो व ग्राहकाला परत देऊ शकतो. ही मुदत उलटल्यावर पूर्वी ग्राहकाची पंचाईत होत असे. डिसेंबर २०२२ मधील केंद्रीय परिपत्रकाने ती दूर केली. नोंदणी नसलेला सामान्य ग्राहकही आता पॅनच्या आधारे पोर्टलवर तात्पुरती नोंदणी करून थेट परताव्याचा अर्ज करू शकतो. त्यासाठी रद्दीकरणाच्या पत्राच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे. अर्थात परतावा मिळतो तो विकासकाने परत केलेल्या रकमेच्या प्रमाणातच, आणि तोही बिल असेल तरच.

दाद कोठे मागावी?

प्रथम लेखी मागणी करावी. जादा कामांची यादी, प्रत्येक कामाची रक्कम, दिल्याची तारीख व पद्धत, काम झाले की नाही आणि किती रक्कम परत हवी, हे एका पत्रात क्रमाने मांडून ते नोंदणीकृत डाकेने व ई-मेलने पाठवावे. तोंडी आश्वासनांवर महिने घालवल्याने मुदती मात्र उलटतात.

त्यानंतर महारेराकडे तक्रार करता येते. तेथे तडजोडीसाठी सलोखा मंचही असून दोन्ही बाजूंची तयारी असेल, तर जादा कामांसारखा हिशेबाचा वाद तेथे लवकर मिटू शकतो. परतावा व व्याज यांचा निर्णय प्राधिकरण देते. वेगळ्या नुकसानभरपाईची मागणी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जाते. आदेश होऊनही विकासकाने पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करता येते.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. रेरा असूनही हा मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. जादा कामाचे पैसे थेट कंत्राटदाराला दिले असतील, तर त्याच्याविरुद्ध सेवेतील त्रुटीची तक्रार याच आयोगाकडे करता येते. मात्र कंत्राटदार विकासकानेच नेमून दिला होता, दरपत्रक विकासकाच्या कार्यालयातून मिळाले होते, असे दाखवता आले, तर विकासकालाही प्रतिवादी करणे शहाणपणाचे.

विकासकच दिवाळखोरीत निघाला, तर सारे चित्र बदलते. २०१८ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी संहितेत घरखरेदीदारांना वित्तीय ऋणकोंच्या नव्हे, तर वित्तीय धनकोंच्या रांगेत बसवले. प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना निघताच ठरावीक नमुन्यात दावा दाखल करावा लागतो. विकासकाला दिलेली जादा कामांची रक्कम त्यात पावत्यांसह नमूद करावी. कंत्राटदाराला दिलेले पैसे मात्र कंपनीकडून येणे ठरत नाहीत.

आधीच घ्यावयाची काळजी

वरील सर्व मार्ग व्यवहार मोडल्यानंतरचे आहेत आणि ते वेळखाऊ आहेत. जादा कामांना होकार देतानाच काही पथ्ये पाळली, तर पुढचा बराचसा त्रास वाचतो.

शक्य असेल तेथे ही कामे करारनाम्याच्या परिशिष्टातच घालावीत. मुद्रांक शुल्काचा थोडा भार पडतो, पण त्याबरोबर रेराचे पूर्ण संरक्षण मिळते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची विकासकाची जबाबदारीही करारातील कामांना अधिक निःसंशयपणे लागू होते. करारनामा आधीच झाला असेल, तर पुरवणी पत्र करावे आणि त्यावर विकासकाच्या अधिकृत व्यक्तीची सही व शिक्का घ्यावा.

त्या पत्रात एक वाक्य अवश्य असावे : व्यवहार रद्द झाल्यास न झालेल्या कामाची पूर्ण रक्कम व झालेल्या कामाची अमुक टक्के रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल. विकासक बाजारातील स्पर्धेत असतो. सही होण्यापूर्वी तो अशी अट मान्य करण्याची शक्यता असते. सही झाल्यावर ती शक्यता राहत नाही.

मूळ फरशी वा नळ वगळल्याबद्दल त्यांची किंमत वजा झाली आहे का, हेही पाहावे. पुष्कळदा नव्या वस्तूची पूर्ण किंमत घेतली जाते आणि जुनीची वजावट विसरली जाते.

पैसे एकरकमी न देता कामाच्या टप्प्यानुसार द्यावेत : थोडी आगाऊ रक्कम, माल साइटवर आल्यावर काही आणि काम तपासून झाल्यावर उरलेली. प्रत्येक टप्प्याची तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. उद्या वाद झालाच, तर कोणते काम झाले होते आणि कोणते नव्हते, हे सांगणारा तोच साक्षीदार असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्ज पूर्ण मंजूर होऊन त्याचे पत्र हाती येईपर्यंत जादा कामांचा एक रुपयाही देऊ नये. मंजुरी तत्त्वतः मिळाली आहे आणि मंजुरी मिळाली आहे, या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. भिंतीचा गिलावा होण्यापूर्वी वायरिंग ठरवावे लागते, हे खरे; पण त्या घाईसाठी फार तर वायरिंगपुरतेच पैसे द्यावेत. ओटा, कपाटे आणि नळ थांबू शकतात. ज्या घराचा दस्त, कर्ज आणि ताबा यांची साखळी अद्याप जुळलेली नाही, त्या घरात घातलेला प्रत्येक रुपया कायद्याच्या दृष्टीने अजून दुसऱ्याच्या भिंतीत गेलेला असतो. तो परत आणता येतो. मात्र त्यासाठी कागद बोलता असावा लागतो.